कॉर्टिसॉल, बुजरी बाळं आणि तेरावं वर्ष

इन्स्टाग्रामवर हल्ली 'कॉर्टिसॉल कमी करणारी' पेयं विकली जाताहेत. बिचारं कॉर्टिसॉल! ताण आला की शरीर सोडतं ते हे हार्मोन. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते रक्तात उसळी घेतं आणि आपल्याला कामाला लावतं. त्याला विष ठरवून 'डिटॉक्स' विकणं हा निव्वळ धंदा आहे.

गोम आहे ती कॉर्टिसॉल वेळेवर थांबण्यात. ताण आला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतं. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. मग हेच कॉर्टिसॉल मेंदूत परतून हिप्पोकॅम्पस आणि हायपोथॅलॅमसमधल्या ग्राहींना चिकटतं आणि पुढची आज्ञा थांबवतं. टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसंच. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत हा गोळा नीट काम करत नाही. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं कृत्रिम स्टेरॉइड रात्री दिलं, तरी दुसऱ्या दिवशी त्यांचं कॉर्टिसॉल पुरेसं उतरत नाही.

आता स्वभाव. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण 20 टक्के बाळं हातपाय झाडत रडली. त्यातली बरीच पुढे बुजरी झाली आणि किशोरवयात काहींना चिंतेने गाठलं. सगळ्यांना नाही.

पण नैराश्य मुलींत जास्त का दिसतं, हे एवढ्यानं उलगडत नाही; बुजरे मुलगेही असतातच की. लहानपणी नैराश्याचं प्रमाण मुलामुलींत जवळपास सारखं असतं. तेराव्या वर्षाच्या आसपास वाटा वेगळ्या होतात आणि पुढे ते मुलींत सुमारे दुप्पट होतं. 'वयात येतेय, होतं असं' म्हणून आपण हात झटकतो. हार्मोन्सचा वाटा आहेच: अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स अभ्यासात मुलींमधली ही वाढ वयापेक्षा वयात येण्याच्या टप्प्याशी जास्त जुळली. मला मात्र मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी हेरलेली सवय जास्त महत्त्वाची वाटते. मुली मनातली बोच उगाळत बसण्याची शक्यता जास्त. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. प्रसंग दोन मिनिटांचा, उगाळणं रात्रभर. काही प्रयोगांत अशा उगाळणाऱ्यांचं कॉर्टिसॉल खाली यायला जास्त वेळ लागला.

शिवाय मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅमन यांनी 1991 मध्ये दाखवलं, की नैराश्याचा त्रास असलेल्या स्त्रियांच्या वाट्याला येणारे काही ताण, विशेषतः भांडणं आणि दुरावे, त्या आजाराच्याच ओघात तयार होतात. म्हणजे ताणातून नैराश्य आणि नैराश्यातून पुन्हा ताण. हे उगाळणं तोडण्यासाठीच बेतलेली मानसोपचार पद्धत आज उपलब्ध आहे. तिच्यासाठी बुजऱ्या मुलीला बोलकी व्हावं लागत नाही.