डाळ शिजली म्हणजे पाणी चांगलं?

विदर्भातल्या एखाद्या गावात पाण्याची पारख विचारली, तर उत्तर बहुधा बायकांकडूनच येतं. ‘त्या हापशाचं पाणी जड, डाळ शिजत नाही. शाळेजवळच्या बोअरचं हलकं, साबणाला फेसही येतो.’ शहरी तज्ज्ञ हे हसण्यावारी नेतात. खरं तर यात हसण्यासारखं काही नाही, उलट रसायनशास्त्र या बायकांच्या बाजूनं आहे. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी सांधून ठेवणाऱ्या पदार्थाला, बांधून ठेवतात आणि दाणा मऊ पडत नाही. वरणात चिमूटभर सोडा पडतो तो याचसाठी. साबणही याच क्षारांशी संयोग पावून फेसाऐवजी पांढरा साका धरतो.

फक्त या परीक्षेतून पाणी सोयीचं आहे का एवढंच कळतं. धोक्याचं आहे का, हा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला तर ती चक्क उलटी पडू शकते.

तिथली अडचण आहे फ्लोराइड. ते खडकातल्या खनिजांतून पाण्यात उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर त्याला आपोआप लगाम बसतो, कारण कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जेमतेम विरघळतं. खोल बोअरचं पाणी मात्र खडकात दीर्घकाळ मुरलेलं असतं. मुरता मुरता त्यातलं कॅल्शियम घटतं, सोडियम वाढतं आणि फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. म्हणजे जे पाणी जिभेला हलकं लागतं आणि ज्यात डाळ झटकन शिजते, त्यातच फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता अधिक. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

विदर्भातल्याच अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात याच्या उलट. पूर्णेच्या खोऱ्यातलं मचूळ पाणी पहिल्या घोटालाच कळतं, त्यामुळे तक्रार करायला कुणाला अहवाल लागत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. खराब पाणी पिऊन रात्रीत हगवण लागली, तर माणूस विहिरीकडे बोट दाखवतो. ‘अ’ प्रकारची कावीळ साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दिसते. तोवर फुटलेली पाइपलाइन दुरुस्त होऊन विसरलीही गेलेली असते, आणि घरात चर्चा असते ती झाडपाल्याचं औषध कुठं मिळतं याची. नारूचं तर वर्षभरानं कळायचं. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, पण त्याचा गेल्या वर्षी प्यायलेल्या पाण्याशी संबंध कोण लावणार? तरीही पाणी फडक्यानं गाळून घ्या, नारू झालेल्या माणसाला विहिरीत उतरू देऊ नका, हे लोकांनी ऐकलं. 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गावकरी अडाणी म्हणून ऐकत नाहीत, हा समज त्यामुळे मला पटत नाही. गंमत म्हणजे उघड्या विहिरी सोडून हापशांकडे वळण्यामागं नारू आणि पटकीसारखे आजार हेही एक कारण होतं. जंतू टळले, काही ठिकाणी फ्लोराइड आलं.

क्लोरीनच्या वाट्याला तर याहून वाईट न्याय येतो. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकली की पाण्याला वास येतो, आणि ‘औषध टाकलंय’ म्हणून लोक तेच पाणी टाळून नाल्याकाठच्या झऱ्यावर जातात. वास येतो म्हणजे जंतू मारायला क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. पाणी भरून काही तास ठेवलं की वास बराच उतरतो. माठात हात न बुडवता ओगराळ्यानं पाणी घेतलं, तर त्या क्लोरीनवरची मेहनत फुकट जात नाही.

फ्लोराइडचा पुरावा मात्र गावात उघडा दिसतो, मुलांच्या दातांवर. पक्क्या दातांचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं. त्या काळात फ्लोराइड जास्त गेलं, तर खडूसारखे पांढरे ठिपके आणि पुढं तपकिरी पट्टे येतात. ते घासून जात नाहीत. घरी दोष दिला जातो तो नीट दात न घासण्याला, नाहीतर मशेरीला. मोठ्यांची कंबर आणि गुडघे आखडले, तर तो ‘वात’. ओळखायची एक सोपी खूण आहे: हे डाग उजव्या-डाव्या दातांवर जोडीनं येतात. एकाच दातावर डाग असेल, तर कारण बहुधा दुसरं.

शाळेत असे दात दिसले, तर ती मुलं लहानपणी कुठल्या हापशाचं पाणी प्यायची हे आधी विचारावं आणि पहिला नमुना तिथलाच घ्यावा. तो काचेच्या बाटलीत नको. फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होऊ शकते, म्हणून प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यायची, त्याच पाण्यानं विसळून भरायची आणि झाकणावर हापशाची जागा लिहायची.