जुन्या कॅमेऱ्याचं मीटर फसतं कुठे?

1966 साली आलेला 'रोलाय 35' हा खिशात मावणारा रोलचा कॅमेरा 2024 मध्ये नव्या रूपात परतला. आता त्यात लायडार, म्हणजे प्रकाशकिरण सोडून अंतर जोखणारा सेन्सर, अंतर मोजतो आणि फोकस आपोआप होतो. त्यानंतर आमच्या सोलापुरातही तरुण फोटोग्राफर कपाटातले कॅमेरे काढून विचारू लागलेत, यालाही आधुनिक करता येईल का? येईल. सुरुवात मात्र सेलपासून करा.

त्या काळच्या कॅमेऱ्यांतल्या, प्रकाश मोजणाऱ्या अनेक मीटरांत कॅडमियम सल्फाइडचा तुकडा असतो. प्रकाश पडला की त्याचा रोध घटतो, विद्युतधारा वाढते, काटा वर सरकतो. शाळेतला ओहमचा नियमच हा. पण धारा प्रकाशामुळे वाढली की सेलमुळे, हे काट्याला कळत नाही. 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेल्या साध्या सर्किटमध्ये 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर त्याच उजेडात धारा सुमारे 11 टक्क्यांनी वाढते. कॅमेरा ऊन जास्त समजतो आणि रोलवर प्रकाश कमी पडतो. निगेटिव्ह रोल जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी सोसतो. कमी पडला तर सावलीतला तपशील गेलाच.

पाऱ्याचा सेल संपत येईपर्यंत जवळजवळ तेवढंच विभवांतर देई. यामागचं रसायन फार सुंदर आहे. जस्ताचं ऑक्साइड होतं, मर्क्युरिक ऑक्साइडचा पारा होतो. हे पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड एकूण हिशेबात खर्चच होत नाही. सेलचं विभवांतर सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात ते हलतं ते द्रावणाची संहती बदलल्याने. इथे ती बदलतच नाही! अल्कलाइन सेलमध्ये मात्र मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकात प्रोटॉन शिरत जातात, त्या घनद्रावणाची घडण सतत बदलते आणि व्होल्ट उतरत जातात. म्हणजे मीटरची चूकही रोज वेगळी.

पाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर जुन्या रेडिओ-टीव्हीत कोट्यवधींचा 'लाल पारा' असतो ही निव्वळ थाप आहे. त्यापायी कुणी कॅमेरा किंवा सेल फोडू नये. पारा विषारी आहे, म्हणूनच ते सेल बंद झाले.

मग त्याच्या जागी काय घालायचं? कानाच्या मशीनचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्ट देतो, तेही स्थिर. पण हवा घेण्यासाठी त्याला छिद्रं असतात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या सोलापुरी हवेत त्यातूनच आतलं पाणी उडून जातं. मला पटतो तो दुसरा मार्ग: 1.55 व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि त्याच्या वाटेत सुमारे 0.2 व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड, म्हणजे धारा एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. तापमान वाढलं की डायोड दर अंशाला एक-दोन मिलिव्होल्ट कमी खातो. तेव्हा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेआधी जुळवलेलं मीटर मे महिन्यात पुन्हा एखाद्या चांगल्या मीटरशी ताडून पाहा.

तुमचा कॅमेरा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक असेल, तर डायोडची गरज नाही. त्याचं मीटर व्हीटस्टन सेतूसारखं दोन बाजूंचा तोल पाहतं, त्यामुळे 1.55 व्होल्टवरही ते बरोबर चालतं.