मलेरिया अवयवांवर उतरतो तेव्हा

सोलापुरात थंडी वाजून ताप आला आणि रिपोर्टमध्ये मलेरियाचा ‘व्हायवॅक्स’ हा परजीवी निघाला, की घरचे निर्धास्त होतात. जीवघेणा म्हणून ओळखला जाणारा ‘फॅल्सिपेरम’ हा प्रकार नाही ना, मग झालं! ही निर्धास्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे, आणि ती जिवावर बेतू शकते.

१८८०मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांना अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी दिसला. १८९७मध्ये रोनाल्ड रॉस यांना तो आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात सापडला. त्याच सुमारास इटलीत मार्कियाफावा आणि बिन्यामी हे डॉक्टर मलेरियाने दगावलेल्यांच्या मेंदूचे छेद तपासत होते. सूक्ष्म रक्तवाहिन्या परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशींनी गच्च झालेल्या. फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि रक्त अडतं. मेंदूत अडलं तर झटके आणि बेशुद्धी येते. मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसांत पाणी भरतं.

व्हायवॅक्स मात्र कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्यामुळे रक्तात त्याची संख्या कमी राहते. म्हणून त्याला निरुपद्रवी ठरवलं गेलं आणि पुस्तकांतून तेच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. १९५८च्या निर्मूलन मोहिमेनंतर रुग्ण झपाट्याने घटले, पण १९७६मध्ये देशात सुमारे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. तरीही व्हायवॅक्सकडे पाहण्याची नजर फारशी बदलली नाही.

ती बदलायला लावली बिकानेरच्या डॉक्टरांनी. २००५मध्ये त्यांनी ११ गंभीर रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कुणाचा मेंदू, कुणाची मूत्रपिंडं, कुणाची फुप्फुसं बाधित झालेली. जनुकीय तपासणीत आढळला फक्त व्हायवॅक्स. सुजलेली पाणथरी (प्लीहा) फुटणं हा प्रकार त्याहून विरळा, पण व्हायवॅक्समध्येही तो होतो. पोटात डावीकडे अचानक कळ येते, ती कधी खांद्यापर्यंत जाते, रक्तदाब कोसळतो. खडे नसताना पित्ताशय सुजल्याच्याही नोंदी आहेत.

त्याच वर्षी भारतासह चार देशांतल्या चाचणीत, गंभीर फॅल्सिपेरममधले मृत्यू क्विनाइन या जुन्या औषधावर २२ टक्के, तर शिरेतून दिलेल्या आर्टेसुनेट या औषधावर १५ टक्के आढळले. उपाय हाताशी आहे, उशीर नडतो.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी हौद आणि बॅरल भरलेले असतात. स्टिफेन्सी हा मलेरियाचा शहरी डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. प्लेटलेट घसरल्या की सगळे डेंग्यू म्हणतात, पण मलेरियातही त्या घसरतात. दोन्ही तपासण्या एकदमच करायला सांगा. आणि व्हायवॅक्सचा रुग्ण बरळू लागला, धापू लागला किंवा त्याची लघवी कमी झाली, तर गोळ्यांचा कोर्स संपायची वाट न पाहता त्याला सिव्हिलला न्या.