हाडे व सांध्यांच्या संसर्गाचे अणुवैद्यक निदान

हाडात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याचा संशय असताना, शिरेतून दिलेल्या अल्प किरणोत्सर्गी द्रव्याचा शरीरातील प्रवास गॅमा कॅमेऱ्याने अथवा पेट (पीईटी) यंत्राने, म्हणजे शरीराबाहेरून किरणे नोंदविणाऱ्या यंत्रांनी, टिपून संसर्गाचे स्थान व व्याप्ती ठरविण्याच्या पद्धतींचा या नोंदीत विचार केला आहे. क्ष-किरण चित्रात हाडाची घडण दिसते, या चित्रणात हाडात चाललेली घडामोड दिसते. साध्या क्ष-किरण चित्रात बदल उमटण्यासाठी त्या जागेचे सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे व्हावे लागते व त्यात १० ते १४ दिवस जातात. बोन स्कॅनमध्ये, म्हणजे अशा द्रव्याने केलेल्या हाडांच्या चित्रणात, तो बदल एक-दोन दिवसांतच दिसू शकतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागातील मराठी बोलण्यात अशा आजाराला ‘हाड नासले’ किंवा ‘हाडात पू झाला’ असे म्हणतात. अपघातात हाड उघडे पडून नंतर रॉड किंवा प्लेट बसविलेले, मधुमेहाने पायाला न भरणारी जखम झालेले, गुडघ्याची ‘वाटी बदललेले’ आणि पाठीच्या मणक्याला क्षय झालेले असे चार प्रकारचे रुग्ण या तपासणीसाठी प्रामुख्याने येतात. या चौघांना एकच स्कॅन चालत नाही, आणि गफलत बहुधा इथेच होते.

सर्वांत जुनी व सहज मिळणारी तपासणी म्हणजे त्रिस्तरीय बोन स्कॅन. जी. सुब्रह्मण्यम व जे. जी. मॅकॅफी यांनी १९७१ मध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य फॉस्फेटवर्गीय संयुगाशी जोडून हाडांचे चित्रण करण्याची वाट मोकळी केली. पुढे त्याच कुळातील एमडीपी हे संयुग रूढ झाले. सुई टोचताच रक्तप्रवाहाचे, काही मिनिटांनी ऊतींत साचलेल्या रक्ताचे आणि दोन ते चार तासांनी हाडाने शोषलेल्या द्रव्याचे अशी तीन चित्रे घेतात. पहिल्या दोन चित्रांत भाग तापलेला, म्हणजे द्रव्य जास्त साठून गडद झालेला, दिसला, पण शेवटच्या चित्रात हाड शांत असले, तर दोष वरच्या मांसल भागाचा असण्याचा संभव अधिक. तिन्हींत एकाच हाडाशी ठिपका गडद झाला, तर अस्थिमज्जाशोथाचा (हाड व त्यातील मज्जेच्या संसर्गाचा) संशय बळावतो. पूर्वी मोडलेले नाही व शस्त्रक्रिया झालेली नाही अशा हाडात ही तपासणी उत्तम उत्तर देते.

परंतु एमडीपी जंतूंना चिकटत नाही. जिथे नवे हाड घडत असते तिथे ते साठते. भरून येणारा अस्थिभंग, सैल झालेला कृत्रिम सांधा, मधुमेहाने संवेदना हरपलेल्या पायाची मोडतोड, संधिवात, ही सारी ठिकाणे याच प्रकारे गडद दिसतात, आणि सांधा बदलल्यानंतर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ कोणताही संसर्ग नसताना स्कॅन तापलेला राहू शकतो. म्हणून अहवालातील ‘अपटेक (द्रव्याचे शोषण) वाढलेला आहे’ हे वाक्य घरी नेऊन ‘हाडात पू आहे’ असे वाचणे बरोबर नाही. उलट, बोन स्कॅन पूर्णपणे स्वच्छ आला तर प्रौढाच्या हातापायाच्या हाडातील संसर्गाची शक्यता बरीच मावळते. लहान मुलांत मात्र हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्ट्या मुळातच गडद असतात, आणि हाडाचा रक्तपुरवठा दाबला गेल्यास संसर्गाची जागा गडद होण्याऐवजी फिकी पडते.

ही अडचण ओलांडण्यासाठी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी दूत म्हणून वापरण्याची कल्पना पुढे आली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मॅथ्यू ठाकूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात इंडियम-१११ ने पेशींना खूण करण्याची पद्धत विकसित केली. नंतर टेक्नेशियमही त्यासाठी वापरात आले. रुग्णाचे सुमारे ५० मिलिलिटर रक्त काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना खूण लावून त्या पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडतात आणि काही तासांच्या अंतराने, कधी दुसऱ्या दिवशीही, चित्रे घेतात. वेळ जाईल तसा ठिपका वाढत गेला तर संसर्गाचा पक्ष भक्कम होतो. या पेशी निरोगी अस्थिमज्जेतही जाऊन बसतात. म्हणून कृत्रिम सांध्याच्या बाबतीत सल्फर कोलॉइड या मज्जेत साठणाऱ्या द्रव्याने मज्जेचे वेगळे चित्र घेऊन दोन्ही ताडून पाहतात. पेशी जमल्या आहेत, पण मज्जा तिथे नाही, अशी विसंगती संसर्गाकडे बोट दाखवते. हे काम किचकट आहे: निर्जंतुक प्रयोगशाळा व कसलेला हात लागतो, आणि एकाचे रक्त दुसऱ्याला जाणार नाही याची कडक दक्षता घ्यावी लागते. मणक्याच्या संसर्गात मात्र ही पद्धत फारशी उपयोगी नाही, कारण संसर्ग असूनही अनेकदा ती जागा फिकी दिसते.

मणक्यासाठी एमआरआय पहिला, आणि धातूमुळे किंवा अन्य कारणाने तो जमत नसेल किंवा त्यातून उलगडा होत नसेल, तर फ्लोरिन-१८ जोडलेल्या ग्लुकोजचा एफडीजी पेट-सीटी उपयोगी पडतो. त्यासाठी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते व रक्तशर्करा आटोक्यात असावी लागते. क्षय आणि ब्रुसेलोसिस यांतला फरक पेट सांगत नाही. सीमाभागात ही बाब केवळ पुस्तकी नाही. उत्तर कर्नाटकात ब्रुसेलोसिस आढळतो. गाभडलेल्या जनावराचा वार हाताळणाऱ्याला किंवा कच्चे दूध पिणाऱ्याला होणारा हा आजार कंबर व माकडहाडाच्या वरच्या सांध्यात बसतो आणि क्षयासारखाच वागतो. गोठ्याची विचारपूस, रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि सुईने काढलेला नमुना यांशिवाय दोघांना वेगळे करता येत नाही. औषधेही दोघांची वेगळी आहेत.

भूगोलाचाही या तपासण्यांशी थेट संबंध आहे. टेक्नेशियमचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) ६ तासांचे, पण ते ज्यातून काढतात त्या मॉलिब्डेनम-९९ चे ६६ तासांचे. त्यामुळे मॉलिब्डेनम भरलेले पात्र, म्हणजे जनित्र, दूरवर पाठविता येते आणि रुग्णालयात रोज त्यातून टेक्नेशियम ‘दोहता’ येते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य मात्र ११० मिनिटांचेच. मुंबई आणि बंगळूर दोन्हीकडून सुमारे ५०० किलोमीटरवर असलेल्या बेळगावपर्यंत ते रस्त्याने नऊ तासांनी पोहोचले, तर निघताना होते त्याचा सुमारे तिसावा हिस्साच उरतो. १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरातील, किंवा १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलेल्या मिरजेसारख्या जुन्या उपचारकेंद्राच्या परिसरातील रुग्णालाही पेटची वेळ द्रव्याच्या आगमनाशी जुळवून दिली जाते, ती याच कारणाने. ठरलेली वेळ चुकविल्यास ते द्रव्य राखून ठेवता येत नाही.

बोन स्कॅनमधून मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा साधारण ४ मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) असते, म्हणजे निसर्गातून दीड-दोन वर्षांत मिळते तेवढी. गरोदर स्त्रीने व अंगावर पाजणाऱ्या आईने तसे आधीच सांगावे. तपासणीनंतर भरपूर पाणी पिऊन लघवी करावी. सांधा अचानक सुजून ताप आला असेल तर स्कॅनची वाट पाहत बसू नये: आधी सुईने सांध्यातील पाणी काढून तपासतात, कारण पू कूर्चेची नासाडी दिवसांतच करू शकतो. जंतू कोणता व त्याला कोणते प्रतिजैविक लागू पडते हे कोणताही स्कॅन सांगत नाही. ते त्या नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून, म्हणजे संवर्धनातूनच, कळते. म्हणून शक्य तेथे नमुना प्रतिजैविके सुरू होण्यापूर्वी घेतात.