पाण्याची धार दोरीला लागेल का?

झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की धार कमान करून लांब पडते. ही कमान म्हणजे अन्वस्त, पॅराबोला. त्याच अंगणात कपडे वाळत घालायची दोरी तिरकी बांधलेली आहे. धार तिला लागेल का?

धार ४५ अंशांत, सेकंदाला साधारण ७ मीटर वेगाने सुटते असं धरू. मग पाइपच्या तोंडापासून क्ष मीटर पुढे तिची उंची क्ष − क्ष²/५ मीटर असते. दोरी पाइपच्या डोक्यावर उ मीटर उंच आहे आणि दर मीटरला २० सेंटिमीटर चढत जाते, म्हणजे तिची उंची उ + क्ष/५. जिथे दोन्ही उंची सारख्या, तिथे गाठ पडणार. समीकरण मांडून आवरलं की उरतं:

(क्ष − २)² = ४ − ५उ

डावीकडे वर्ग आहे, आणि वर्ग कधी ऋण होत नाही. उजवी बाजू ऋण असेल तर धार दोरीला लागणारच नाही. क्ष शोधत बसायची गरजच नाही. ऋण संख्या कोणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असं भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच बीजगणितात लिहून ठेवलं आहे. दहावीतला विवेचक, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणातला ब² − ४अक, हेच सांगतो. आपलं समीकरण उलगडलं की क्ष² − ४क्ष + ५उ = ० होतं, म्हणून इथे तो १६ − २०उ येतो.

आता दोरी हळूहळू खाली घेऊ. ८५ सेंटिमीटरवर विवेचक −१: धार खालूनच जाते. ८० वर शून्य: धार दोरीला नुसती चाटून जाते, २ मीटरवर. ७५ वर +१: दोरी दोन ठिकाणी भिजते, दीड आणि अडीच मीटरवर. दोरी स्पर्शापासून जेमतेम ५ सेंटिमीटर खाली आली आणि भिजलेल्या जागांत एकदम मीटरभर अंतर पडलं! हे अंतर २ मीटर करायला मात्र दोरी ६० वर आणावी लागते, म्हणजे स्पर्शापासून चौपट खाली. अंतर विवेचकाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून स्पर्शाच्या आसपास सगळं इतकं नाजूक असतं. मला या गणितातली हीच जागा सर्वांत सुंदर वाटते.

मात्र एकच बिंदू मिळाला म्हणजे स्पर्शच झाला, असं नाही. ३ मीटरवर उभा बांबू रोवला तर धार त्याला एकदाच, १.२ मीटर उंचीवर लागते, पण ती त्याला सरळ छेदते. तिथे क्ष ठरलेलाच असतो, वर्गसमीकरण तयारच होत नाही. शिवाय विवेचकाला दोरीची टोकं दिसत नाहीत; त्याच्या लेखी रेषा अमर्याद आहे. दोरी १ मीटरवरच खुंटीला संपत असेल, तर विवेचक +१ येऊनही ती कोरडीच राहील.