कोंबडीपालन, घरगुती (ठाणे व नवी मुंबई)

कोंबडीपालन, घरगुती : विक्रीचा मुख्य हेतू न ठेवता मागीलदारी, पडवीत, जिन्याखाली किंवा गच्चीवर मोजक्या कोंबड्या पाळणे, त्यांची अंडी उबवून पिल्ले काढणे व ती वाढवणे. प्रस्तुत नोंद ठाणे जिल्हा व नवी मुंबई परिसरापुरती असून तीत व्यापारी कुक्कुटपालनाचा विचार केलेला नाही. खाण्यासाठी पाळलेली कोंबडी व लळ्याची कोंबडी अशी काटेकोर विभागणी या भागात करता येत नाही. नाव ठेवलेली, हातावर दाणे टिपणारी तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणि गटारीसाठी राखलेला कोंबडा एकाच खुराड्यात असतात, आणि घरातली मुले कोंबड्यालाही नाव ठेवून बसली तर गटारीचे मटण बाहेरून आणले जाते.

उगम : पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून निपजली हे चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये मांडलेले मत स्थूलमानाने आजही ग्राह्य आहे. वाद आहे तो हे कोठे, केव्हा आणि किती वेळा घडले याविषयी. १९९४ मध्ये जपानी संशोधकांच्या एका गटाने (राजपुत्र अकिशिनो हे त्यांपैकी एक) मायटोकाँड्रियामधील, म्हणजे केवळ आईकडून येणाऱ्या, डीएनएच्या आधारे थायलंड व लगतचा प्रदेश हे एकमेव उगमस्थान ठरवले. पुढे अधिक नमुने तपासल्यावर मातृवंशाच्या अनेक शाखा आढळल्या व एकाच स्थानाचा आग्रह सैल झाला. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेवरून नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील उपजाती पाळीव कोंबडीला सर्वांत जवळची ठरली.

भारतीय वाचकाला मोहेंजोदडोचा दाखला ठाऊक असतो. तेथील १९३१ च्या उत्खनन अहवालात कोंबडीच्या हाडांची नोंद आहे आणि त्यावरून सिंधू खोरे हेच कोंबडीचे मूळ घर असे बरीच वर्षे लिहिले गेले. ही हाडे नेमक्या कोणत्या थरातील, आणि ती पाळीव पक्ष्याची की रानपक्ष्याची, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. उत्तर चीनमधील सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या हाडांचेही असेच झाले. त्यांतील काही तितर कुळातील अन्य पक्ष्यांची असावीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथील, साधारण इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील अवशेष निःसंशय पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने मानले आहेत. भात व वरीसारखी धान्ये पिकू लागल्यावर रानकोंबडे वस्तीकडे ओढले गेले असावेत, असा त्या मांडणीचा रोख आहे. जनुकीय पुराव्यावरून काढलेला काळ याहून पुष्कळ मागे जातो; दोहोंचा मेळ अद्याप बसलेला नाही. हाडांवरची तारीख प्रत्यक्ष असल्याने तिला अधिक वजन द्यावे, असे दिसते.

या चर्चेत सह्याद्रीचा संबंध एका ठिकाणी येतो. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगररांगांत तांबडा नव्हे, तर राखी रानकोंबडा आढळतो. तो पश्चिम व दक्षिण भारताचा रहिवासी आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो तो तांबड्या रानकोंबड्यात नसून राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवले. म्हणजे पाळीव कोंबडी व राखी रानकोंबडा यांचा संकर कधीतरी झाला होता. तो कोकणात झाला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही. मुरबाड-शहापूरकडच्या गावठी कोंबड्यांत पिवळे, पांढुरके व काळसर असे सर्व रंगांचे पाय दिसतात, आणि त्यावरून कोंबडीचे कूळ सांगण्यात अर्थ नाही. रानकोंबडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो; त्याची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवणे हा गुन्हा आहे.

स्थानिक प्रसार : आगरी, कोळी, कुणबी तसेच वारली, कातकरी, ठाकर व महादेव कोळी या समाजांत घरटी चार-सहा कोंबड्या असणे जुने आहे. वारली चित्रांतही कोंबडा-कोंबडी व मागे पिल्लांची रांग वारंवार येते. आगरी-कोळ्यांची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा. तिच्या नवसाचा कोंबडा घरचाच असावा असा कटाक्ष पूर्वी असे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाल्यानंतर बेलापूर पट्टीतील भातशेती व मिठागरे संपादित झाली. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, शिरवणे ही गावे नोडांच्या (नव्या शहराच्या वसाहतींच्या) मधोमध गावठाण म्हणून उरली. अंगणांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तशी खुराडी जिन्याखाली व गच्चीवर गेली. या स्थलांतराबद्दल लिखित साहित्य तुटपुंजे आहे. ठाणे शहरात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचे पाडे व कोळीवाडे वगळता ही प्रथा तुरळक आढळते.

वाण : गावठी कोंबडी हे एक वाण नसून पिढ्यान् पिढ्यांचे मिश्रण आहे. त्याखेरीज असिल, झाबुआकडचा कडकनाथ (२०१८ पासून भौगोलिक निर्देशांक), हैदराबादेत विकसित केलेले वनराज व ग्रामप्रिया आणि बंगळुरूचे गिरिराज पाळले जातात. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. शहरी घरांत मात्र कोंबडी बहुधा तेथून येत नाही. ती स्टेशनाबाहेर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवून विकायला ठेवलेल्या पिल्लाच्या रूपात येते. ही बहुतेक अंड्यांच्या जातीची, उबवणी केंद्राने नको म्हणून काढलेली नर पिल्ले असतात. उबेअभावी त्यांतील पुष्कळ पहिल्या आठवड्यात दगावतात; जगलेल्यांचा रंग पिसे बदलताना जातो आणि खाली पांढरा कोंबडा निघतो.

उबवणी : अंडे उबवण्यास २१ दिवस लागतात. फलित अंडे लागते हे सर्वज्ञात असले तरी दुकानातील अंड्यांतून पिल्लू निघेल का, हा प्रश्न शहरात सर्रास विचारला जातो. पोल्ट्रीत अंड्यांच्या कोंबड्यांत नर ठेवत नाहीत, त्यामुळे ते शक्य नाही. ‘गावठी’ म्हणून विकलेले तपकिरी अंडेही पुष्कळदा पोल्ट्रीचेच असते.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक होते : खुराडे सोडत नाही, पिसे फुलवते, हात लावला की टोचते आणि घोगरे कुडकुडते. प्रोलॅक्टिन संप्रेरक वाढल्याचा हा परिणाम होय. व्यापारी जातींतून हा गुण निवडीने घालवला आहे, म्हणून लेगहॉर्न कोंबडी सहसा रवणाला (अंडी उबवायला) बसत नाही. रुंद टोपलीत किंवा जुन्या घमेल्यात खाली राख, वर भाताचा पेंढा घालून तीत दहा ते तेरा अंडी मांडतात. राखेमुळे उवा व गोचिड्या कमी होतात. संख्या विषम असावी, अंड्यांत कोळसा अथवा खिळा ठेवावा म्हणजे ढगांच्या गडगडाटाने ती बाधत नाहीत, असा समज आहे. कोळशाचा खरा उपयोग वेगळा : त्याने प्रत्येक अंड्यावर रेघ मारतात. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन अंडी घालतात, आणि बिनरेघेचे अंडे रोज काढून घेतले नाही तर पिल्ले मागेपुढे निघून कोंबडी उरलेली अंडी सोडून उठते.

अंडी साठवण्याच्या तपमानाविषयी शास्त्रीय मतभेद असून या परिसरात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. ज्या तपमानाखाली गर्भाची वाढ थांबते त्यास शून्य-वाढीचे तपमान म्हणता येईल. १९०२ मध्ये ते २०–२१ अंश सेल्सिअस सांगितले गेले. नंतरच्या काही प्रयोगांत २७–२८ अंशांपर्यंतचे आकडे आले. फरक बहुधा ‘वाढ’ कशाला म्हणायचे यातून येतो, कारण गर्भाचे सर्व भाग एकाच तपमानाला थांबत नाहीत. कोणताही आकडा धरला तरी ठाण्याच्या मे महिन्यात घरातले तपमान त्याहून वरच राहते. कोंबडी बारा अंडी घालेपर्यंत दोन आठवडे जातात. तोवर पहिल्या अंड्यांतील गर्भ अर्धवट वाढून मरतो. उन्हाळ्यात कोंबडी बसवू नये, दिवाळीनंतर बसवावी, हा जुन्या बायकांचा नियम या दृष्टीने योग्यच आहे. अंडी तांदळाच्या डब्यात किंवा माठाजवळ ठेवण्याची रीत त्यातल्या त्यात बरी. साठवणीस १५–१८ अंश उत्तम. फ्रिज त्याहून बराच थंड असल्याने उगवण घटते, मात्र अगदीच शून्य होत नाही.

अलीकडे थर्माकोलच्या खोक्याची किंवा प्लॅस्टिकची लहान उबवणी यंत्रे घरोघर दिसतात. पंखा असलेल्या यंत्रात तपमान ३७.५ अंश ठेवतात, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवतात व अठराव्या दिवशी फिरवणे थांबवतात. आर्द्रता पहिले अठरा दिवस ५०–५५ टक्के व शेवटचे तीन दिवस ६५–७० टक्के सांगितली जाते. यंत्रासोबतच्या सूचनांत पाण्याची ताटली कायम भरलेली ठेवण्यास सांगतात; ठाण्याच्या पावसाळ्यात ही सूचना घातक आहे. जुलैत २७ अंश तपमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. वेगळे पाणी नकोच. पाणी घातले तर अंड्याचे वजन हवे तितके (अठरा दिवसांत सुमारे १२–१३ टक्के) घटत नाही, बोथट टोकाकडील हवेची पोकळी लहान राहते आणि तयार पिल्लू कवच फोडण्याआधी गुदमरते. उलट जानेवारीतल्या कोरड्या दुपारी तीच आर्द्रता २५ टक्क्यांवर उतरते, तेव्हा पाणी हवेच. वीज तासभर गेल्याने बिघडत नाही. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे उठतेच.

सातव्या रात्री अंधारात अंडे मोबाइलच्या बॅटरीवर धरले की फलित अंड्यात मध्यभागी गडद ठिपका व त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फाटलेल्या तांबड्या शिरा दिसतात, ठिपका हलतो. नुसते पिवळसर उजळणारे अंडे वांझ, आणि कडेने रक्ताचे कडे दिसणारे मेलेले समजावे. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालते, मग कवचाला भोक पाडते. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात. या वेळात कवच सोलून मदत केल्यास रक्तस्राव होतो, कारण शिरा व बलक अजून पोटात ओढले गेलेले नसतात. बलकावर पिल्लू दोन दिवस अन्नावाचून राहते.

संगोपन : पहिल्या आठवड्यात ३२–३५ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पसरून चोची उघडून बसली तर उष्मा. खाद्य म्हणून तांदळाची कणी, भात, घरातले उरलेले अन्न. अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा. कोळीवाड्यांत सुक्या जवळ्याचा कूट घालतात. प्रमाण वाढले की अंड्याला मासळीचा वास येतो. रात्री डालग्याखाली झाकले तरी मुंगूस, घूस, मांजर व धामण यांपासून धोका असतो, येऊर परिसरात उदमांजराचाही.

नर पिल्लांचा प्रश्न : घरी काढलेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात. ती चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आरवू लागतात आणि बहुतेक घरांतील हौस येथेच अडते. कोंबडा उजाडल्यामुळे आरवतो हा समज अपुरा आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या २०१३ च्या प्रयोगांत सतत मंद उजेडातही कोंबडे शरीरातील घड्याळानुसार ठरल्या वेळी, पहाटेच्या आधीच, आरवत राहिले. खुराड्यावर कापड टाकून त्यामुळे फार फरक पडत नाही. निवासी क्षेत्रासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री (१० ते ६) ४५ डेसिबल मर्यादा आहे, पण कोंबड्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. सोसायट्यांतील तक्रारी बहुधा आपसातच मिटतात. गावठाणांत कोंबडा नातेवाइकांकडे गावी पाठवतात. त्याचे पुढे काय होते हे मुलांना सांगत नाहीत.

रोग : मानमोडी (राणीखेत) हा सर्वांत घातक. त्यावर पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात वा नाकात एक थेंब देतात. लशीच्या कुप्या मात्र शंभर व त्याहून अधिक पक्ष्यांच्या असतात व पाण्यात मिसळल्यावर तास-दोन तासांतच वापराव्या लागतात. पाच पिल्लांच्या घराला त्या परवडत नाहीत. आळीतील घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणून लस देऊन घेणे हाच व्यवहार्य मार्ग. पावसाळ्यात ओल्या भुशामुळे रक्ती हगवण व डासांमुळे देवी येते. एव्हियन इन्फ्लुएन्झाची भारतातील पहिली साथ २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे नोंदली गेली, ठाणे जिल्ह्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे तिचा प्रादुर्भाव झाला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट केल्या जातात, आणि त्यात पोल्ट्रीतील पक्षी व घरात पाळलेले पक्षी असा भेद केला जात नाही.