बोलणारे खूप आणि मतं खूप, हे एकच नाही

नागपुरात निवडणूक असो का नसो, राजकारणाचे व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपासून सुरू असतात. ॲडमिन पण छाती फुगवून सांगतात की आमच्याकडे सगळे मोकळेपणी बोलतात, कोणालाच अडवत नाही. पण भाऊ, भरपूर आवाज असणं आणि वेगवेगळे आवाज असणं हे लोक एकच समजून राहिले.

सप्टेंबर २०२३ चा पूर घ्या. २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत घराघरात पाणी. मनपात मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होता, मग जाब विचारायला लोकांजवळ मोबाईलच उरला. आवाजाची कमी नव्हती: एक म्हणे सत्ताधाऱ्यांची चूक, दुसरा म्हणे आधीच्यांची, कोणी तलावाजवळच्या विवेकानंद स्मारकानं पाणी अडवलं म्हणून त्यावर बोट ठेवलं तर कोणी ते खोडून काढलं. दोन्ही बाजू भांडल्या म्हणून वाटते का चर्चा जोरदार झाली, पण दोन्हीकडचे लोक त्याच दोन-चार लेआउटमधले, स्वतःचं घर असलेले, कार बुडालेलेच असले तर? तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बाईचा प्रश्नच वेगळा असते. पंचनाम्यात नाव घरमालकाचं लागणार का माझं? गॅस शेगडी, गहू-तांदूळ आणि पोरांची दप्तरं माझी वाहून गेली, मदत कोणाच्या खात्यात? हा प्रश्न ना या पक्षाचा ना त्या पक्षाचा, आणि ती स्वतः बोलल्याशिवाय तो चर्चेत येतच नाही.

म्हणून विरोधी पक्षाचा माणूस ग्रुपात घेतला का काम झालं असं नसते. चार पक्षांचे चार जण एकाच गल्लीतले असले तर झेंडे चार, अनुभव एकच.

वेगळ्या विदर्भाचंही तसंच आहे. विदर्भाला महाराष्ट्रात योग्य वाटा देऊ म्हणणारा १९५३ चा नागपूर करार, राज्यं नव्यानं आखायला नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस, हे दाखले दोन्ही बाजूंना पाठ आहेत, आणि नागपुरातल्याच धरमपेठ विरुद्ध महाल अशी रात्रभर जुंपते. पण गडचिरोलीतला माडिया ही आदिवासी भाषा बोलणारा पोरगा किंवा यवतमाळची शेतमजूर बाई त्यात कुठं दिसते? राजधानी नागपूरला आली तर तिच्या तालुक्याला काय मिळणार, हे तिला कोणी विचारलंच नसते.

यात थोडा दोष ॲप्सचाही आहे. व्हॉट्सॲप ग्रुपात १०२४ जण बसतात पण रोज तेच मोजके लोक टाइप करतात, फेसबुकवर ज्या पोस्टवर जास्त कमेंट पडतात ती अजून वर चढते. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं का माणूस गप्प बसतो आणि गप्प बसल्यानं ते मत अजूनच कमी दिसते, हे जर्मनीच्या जनमत-अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्येच मांडून ठेवलं. बाईमाणसानं एकदा मत टाकलं आणि खाली तिच्या कपड्यावर नाहीतर जातीवर घसरले, का ती पुन्हा लिहीत नाही, आणि तिला पाहून बाकीच्या चार जणीही नाही. म्हणून शिवीगाळ काढणं म्हणजे आवाज दाबणं नव्हे, उलट त्यानंच जास्त लोक बोलते होतात. हां, नावडतं मत डिलीट करणं मात्र वेगळी गोष्ट. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून गुन्हा लावणारं ६६अ कलम रद्द केलं, कारण नुसतं कोणाला खटकलं म्हणून बोलणं गुन्हा होत नाही. तेवढं मोठं मन ॲडमिननंही दाखवायला पाहिजे.

मग करायचं काय? "सगळ्यांनी आपलं मत मांडा" असा मेसेज टाकून काही होत नाही, रोजचेच बोलतात. नावानिशी विचारा, आणि मत नको, माहिती विचारा: ताई, तुमच्याकडे पाणी किती वाजता शिरलं, पंचनाम्याला कोणी आलं का? कोणी वऱ्हाडीत लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सुधारत बसू नका, एकदा हसले का तो माणूस पुन्हा येत नाही. आणि टाइप करायला जमत नसेल तर व्हॉइस नोट पाठवू द्या, कोणीतरी ती ऐकून खाली दोन ओळीत लिहून टाकायची, म्हणजे ऑफिसात, बसमध्ये आवाज बंद करून वाचणाऱ्यालाही त्या ताईचा प्रश्न कळते.